उलटा हात

"उजवा हात लक्ष्मीचा, डावा हात केराचा,
उजव्यानं वाढ बाई, मान राख घराचा."

भोपाळला इंद्रपुरीच्या क्वार्टरात पानं मांडली की लीलावतीआत्या हे गुणगुणायची, आणि गुणगुणतच लहानग्या संपदाच्या डाव्या हातातला डाव काढून उजव्यात द्यायची. मारलं कधी नाही. मारलं असतं तर तो हात बंड करून उठला असता. ओवीनं तो नुसता निजला.

आज पोलीस लाइनीतल्या कोतात, शस्त्रांच्या त्या खोलीत, टेबलावर फडकं अंथरून दोन पिस्तुलं ठेवली होती. त्यातलं एक उपनिरीक्षक संपदानं निवडायचं होतं. आणि आत्याचा सूर कानातून हलत नव्हता.

"उचला मॅडम. स्थळ बघितल्यासारखं काय बघताय?" कोत सांभाळणारे शांताराम शितोळे म्हणाले. मूळचे ग्वाल्हेरचे, मिशा पांढऱ्या. "माझं ऐकाल तर हे तुमचं जुनंच घ्या. गोळी चुकून सुटू नये म्हणून अंगठ्यापाशी खटका आहे. खटका म्हणजे घराची कडी. बिनकडीच्या घरात झोप लागते का कुणाला?"

"काका, उसी कडी ने तो मारा हमको!" विक्रांत हसला. तो तिच्याच ठाण्यातला, इंदूरचा. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्यात चहाचा ग्लास, आणि निम्मा चहा शर्टावर. "संपदा, तू नवीन घे. याला बाहेरून खटकाच नाही, तर अडकणार काय? साहेबांशी बोललोय मी. गन अडकली म्हणून मला लागलं. तुझी काय गलती?"

शांतारामकाकांचा चेहरा उतरला. "साहेबांनी मला उभं करून विचारलं, तेल घालत नव्हतास का म्हणून. मॅडम, तुमच्या पिस्तुलाचा खटका मी कितीदा तरी चालवून बघितला. लोण्यासारखा चालतो हो."

संपदा काही बोलली नाही. याच न बोलण्यानं सगळं इथवर आणलं होतं.

गेल्या महिन्यात आनंद नगरच्या गल्लीत ते दोघं एका फरारी माणसाला धरायला गेले होते. तो पाण्याच्या टाकीमागून सुरा घेऊन निघाला, तेव्हा विक्रांत ओरडला, "उलटे हाथ पे!" डावीकडे बघ, एवढंच त्याला म्हणायचं होतं. भोपाळात रिक्षावाल्यालाही असंच सांगतात. पण इतक्या वर्षांत तिच्या डाव्या हाताला कुणी असं कळवळून बोलावलं नव्हतं. तो झोपेतून उठला आणि थेट डाव्या कमरेकडे गेला. तिथं काहीच नव्हतं. पिस्तूल उजवीकडे होतं, जिथं सगळ्यांचं असतं. उजवा हात तिथं पोचला, तोवर सुरा विक्रांतच्या दंडातून आरपार गेला होता.

इस्पितळात त्यानंच विचारलं होतं, "अडकली का गं गन?" ती गप्प राहिली. त्या गप्पपणाचा त्यानं होकार करून घेतला आणि तोच होकार तो गावभर वाटत सुटला.

तशी या हाताबद्दल ती आधीही कुणाशी बोलली नव्हतीच. प्रशिक्षणात कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रांग एकाच हाताची असते, उजव्या. डावरी म्हटलं की मैदान सुटणार, मग जन्मभर महिला डेस्कवर रजिस्टरं भरायची. म्हणून तिनं उजव्या हाताला शिकवलं. नेम धरायला तो शिकलाही. पण घाबरायला शिकला नाही. भीती अजून डाव्याच हातात होती.

"शनिवारी माझ्या जागी तुझ्यासोबत चिन्मय येतोय," विक्रांत म्हणाला. "नुकतंच लग्न झालंय त्याचं. बायको घाबरली होती. मीच सांगितलं तिला, संपदाताई आहे ना, और अब तो गन भी नयी है. आराम से सो जाओ."

संपदानं नवं पिस्तूल उचललं. उजव्या हातात. हलकं होतं, नेटकं होतं. तळव्यात बसलंही, पण पाहुणा बसतो तसं, खुर्चीच्या कडेला.

"आहे ना मस्त?" विक्रांतनं ग्लास तोंडाला लावला, पुन्हा सांडला आणि हनुवटी खांद्याला पुसली. "ये उलटा हाथ साला किसी काम का नहीं. डॉक्टर म्हणतात, उजव्याची दोन बोटं आता पुरती मिटायची नाहीत, डाव्यालाच काम शिकवा. रोज जागं करतो याला. उठतच नाही!"

तो हसला. शांतारामकाका हसले नाहीत. त्यांनी जुनं पिस्तूल जवळ ओढलं आणि स्वच्छच असलेला खटका पुन्हा फडक्यानं पुसायला घेतला.

संपदा त्यांच्या फडक्याकडे बघत राहिली. मग तिनं नवं पिस्तूल हळूच डाव्या हातात घेतलं. नळी जमिनीकडे. बोटं आपापल्या जागी गेली, माहेरच्या अंधारात पाय पडतात तशी, न चाचपडता.

"मॅडम," शांतारामकाका हळू आवाजात म्हणाले, "उलटा हात आहे तो."

"हो काका. पट्ट्याला पिस्तुलाची पिशवीही डावीकडचीच द्या." ती विक्रांतकडे वळली. त्याच्या गळ्यातल्या झोळीकडे तिनं बघितलं, आणि या खेपेला नजर काढून घेतली नाही.

"विक्रांत, गन अडकली नव्हती रे. तू या हाताला हाक मारलीस."