पंपाच्या खोलीतली पोती

दोन मीटरवरून सोडलेला चेंडू पुन्हा मोजपट्टीवरच्या तांबड्या खुणेच्या वर उसळला, तसा फुटबॉल शिकवणाऱ्या शिंगे सरांचा चेहरा पडला.

"कृत्रिम गवत असूनही मैदान टणक झालंय," तपासणीला आलेल्या कामत मॅडम म्हणाल्या. "पोरी पडल्या तर गुडघे फुटतील. रविवारचा सामना इथं घेता येणार नाही."

मैदान झाडणारी सगुणामावशी खराटा घेऊन पुढं आली. हे गवत अंथरल्यापासून आठ महिने तिनं त्यावर काडी पडू दिली नव्हती.

मॅडमनी बोटांनी पाती फाकवली. "यातले रबराचे काळे दाणे कुठं गेले? पडणाऱ्याचा मार तेच तर झेलतात."

"त्यो कचरा न्हवं व्हय?" मावशी चाचरली. "रोज झाडून काढते की मी! घंटागाडीवाला घेत न्हाई, म्हणून पोत्यांत भरून पंपाच्या खोलीत ठेवलाय."

शिंगे सर तिकडं धावलेच. चौदा पोती होती. मावशीवर ओरडायचं सोडून त्यांनी त्या घंटागाडीवाल्याला मनोमन हात जोडले.

दुपारभर मावशी आणि पोरी मिळून गवतात दाणे पसरत राहिल्या. चार वाजता चेंडू सोडला, तो खुणेच्या खालीच राहिला. मॅडमनी कागदावर सही केली.

पोरी गलका करत मैदानात घुसल्या. त्यातली एक धाडकन आपटली आणि हसत उठली. मावशीनं तिच्या गुडघ्याला चिकटलेले काळे दाणे टिपले, सवयीनं मुठीत धरले, आणि मग हळूच परत गवतात सोडले.