पहिलं धरतरीचं

जेवणाच्या सुट्टीत राहनाळच्या गोदामातले सगळे हमाल धाकल्याच्या मोबाईलवर वाकले होते. गेममध्ये टीममधले तिघं मेले होते. धाकल्या एकटा जिवंत, खांद्यावर चार नळ्यांचा रॉकेट लाँचर, आणि समोर दगडाआड शेवटचा दुश्मन.

"आज पहिलं रॉकेट मातीत घातलंस ना, तर बघ!" दिनेशनं दम दिला. "चारच असतात रे!"

धाकल्याची ती जुनी खोड. पाड्यावर ताडीचा पहिला घोट जमिनीवर सांडतात, तसं तो पहिलं रॉकेट मातीत मारायचा. "पहिलं धरतरीचं," म्हणायचा आणि शिव्या खायचा. बहिणीला गेम शिकवला तेव्हा तिलाही त्यानं हेच शिकवलं होतं.

धाकल्याचं बोट ट्रिगरवर गेलं. तेवढ्यात दुश्मन दगडाआडून उठला. त्याच्याही खांद्यावर तसलाच लाँचर. दुश्मनानं नळ्या खाली वळवल्या आणि पहिलं रॉकेट शांतपणे मोकळ्या मातीत मारलं.

"चुकला! मार त्याला!" दिनेश ओरडला. "अजून तीन हायत त्याच्याकडं, मार लवकर!"

धाकल्यानं ट्रिगरवरचं बोट उचललं. मग समोरच्याला ऐकू जाणारा माईक चालू केला.



"बायडे, दोन वर्षं झाली. बाचा राग कधीच गेला गं. जावयाला घेऊन घरी ये."