वरचा फोन

बरोबर नऊला फोन वाजला, तेव्हा पूरनियंत्रण कक्षातली जलशास्त्रज्ञ एकटी नव्हती. समोर खुर्ची टाकून सुरक्षा खात्याचा अधिकारी बसला होता. फोनला जोडलेली वायर त्याच्या कानात गेली होती.

“बोला मॅडम, नेहमीसारखं,” तो म्हणाला. “मी नाहीच असं समजा.”

हा फोन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देशातून यायचा. तिथल्या मोजणी केंद्रावरचा शास्त्रज्ञ अकरा वर्षं रोज सकाळी तिला पाण्याची पातळी कळवत आला होता. कक्षात त्याला ‘वरचे साहेब’ म्हणत. वरून फोन आला म्हटलं की नवीन माणूस मंत्र्याचा समजून उठून उभा राहायचा आणि बाकीचे गालात हसायचे. करार दोन सरकारांचा होता. चालवत हे दोघं होते. गेल्या पंधरवड्यात सीमेवर बिनसलं आणि तिकडे पाण्याचे आकडे गुपित ठरले. तरी फोन येत राहिला. दोघं मुलाबाळांचं, दुखण्याखुपण्याचं बोलत आणि ठेवून देत. निदान बोलणं तरी तुटू नये.

तिने रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज सावकाश येत होता, लिहून दिलेलं वाचावं तसा. त्याच्यामागे कुणीतरी खाकरलं. म्हणजे त्याच्याही खोलीत कुणी खुर्ची टाकून बसलं होतं.

त्याने मुलांची चौकशी केली. तिने त्याच्या गुडघ्याची केली. मग तो म्हणाला, “ताई, आईंना आज वरच्या मजल्यावर हलवा. चारच्या आत. सूज फार चढलीय, या खेपेचं दुखणं साधं नाही.”

फोन बंद झाला. अधिकाऱ्याने वहीत लिहिलं : कौटुंबिक. आईचं आजारपण.

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. सांत्वनाचं पहिलं पत्र त्याचंच आलं होतं.

इशाऱ्याचा खरा आधार सांगितला, तर तो समोरच्या वहीत जाणार, आणि ती वही कुठवर फिरेल याचा नेम नाही. तिने पुराच्या इशाऱ्याचा फॉर्म पुढे ओढला. ‘आधार’ या रकान्यात लिहिलं, ‘माझा अंदाज’, आणि खाली सही ठोकली. अंदाज चुकला तर नोकरी गेलीच होती.

अधिकाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं.

“आभाळात ढगाचं नाव नाही, मॅडम. अंदाज कशावरून?”

“बावीस वर्षं हेच करतेय,” ती म्हणाली.

तीन वाजेपर्यंत काठच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. माणसं तिला शिव्या घालत, शिलाई मशीन आणि गाद्या डोक्यावर घेऊन टेकाड चढली. चारला दहा कमी असताना पाणी आलं. शाळेच्या खिडक्या बुडाल्या. आत कुणी नव्हतं. संध्याकाळी एका म्हातारीने कक्षात येऊन तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. तिला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला. तिने झडप घालून उचलला.

आवाज अनोळखी होता, तरुण, फार अदबीचा. यापुढे फोन मीच करत जाईन, असं तो म्हणाला. जुने साहेब कुठे आहेत, म्हणून तिने विचारलं. ते रजेवर आहेत, कधी येतील सांगता येत नाही, असं उत्तर आलं.

“तुमच्या आईंची तब्येत आता कशी आहे?” त्याने विचारलं.



“बरी आहे. वेळेवर वर हलवलं.”

समोरचा अधिकारी लिहिता लिहिता थांबला. आज त्याने येताना तिच्या नोकरीची फाईल आणली होती. ती त्याने मांडीवर उघडली, बोटाला थुंकी लावली आणि कुटुंबाच्या माहितीचं पान शोधू लागला.