दोमितिलाची साक्ष

सातव्या घरातही तेच उत्तर मिळालं, तेव्हा तपासनीस पेगेरोनं वही मिटली. मार्चची नऊ तारीख, मंगळवार, पहाटेची वेळ. यांदेलचा जन्म सातही घरांनी एका दमात असा सांगितला होता. शेजारच्या पोराच्या जन्माचा वार कधी कुणाच्या लक्षात राहतो का?

यांदेलची आई मिरेलिस दारातून हे बघत होती आणि मनातल्या मनात रादामेसला शिव्या घालत होती. रादामेस म्हणजे यांदेलचा उस्ताद. पोर अकराचं असल्यापासून त्याला बेसबॉल शिकवणारा, खाऊपिऊ घालणारा आणि अमेरिकेतल्या संघाशी करार झाला की तिसरा हिस्सा उचलणारा. काल संध्याकाळी तो गल्लीभर फिरून सगळ्यांकडून तारीख घोकून घेत होता. आता तारीख खरीच होती. यांदेल येत्या मार्चला सतराचा होणार होता. पण खरंसुद्धा पाठ करून म्हटलं की खोटं वाटतं, हे त्या दीडशहाण्याला कोण सांगणार?

ज्या संघानं यांदेल तेराचा असतानाच तोंडी शब्द देऊन ठेवला होता, त्यानंच आता, सही आठ दिवसांवर आली असताना, हा माणूस पाठवला होता. कारण काय, तर जन्माचा दाखला पोर चार वर्षांचं झाल्यावर काढलेला. सान पेद्रोच्या या ऊसवाल्या वस्तीत निम्म्या लोकांचे दाखले तसेच आहेत, हे संघाला काय आज कळलं? मिरेलिसला यात सरळ भाव पाडायचा डाव दिसत होता. पोर दोन वर्षांनी मोठं ठरलं की त्याची किंमत संध्याकाळच्या भाजीसारखी उतरते.

आणि दुसरा संघ टपलेलाच होता. पहिल्यानं हात काढून घेतला की तोच हे पोर निम्म्यात उचलणार. त्या संघाचा लाल टोपीवाला माणूस रविवारी समोरच्या दोमितिलाच्या दारात तासभर कॉफी पीत बसला होता. हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि दोमितिला मान हलवत होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते एवढ्या लांबून मिरेलिसला कळलं नाही. पण ती 'हो'च धरून चालली होती.

दोमितिला दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हती. दोमितिलाच्या थोरल्याचा करार असाच हातातोंडाशी आला होता. तेव्हा आलेल्या तपासनिसाला मिरेलिसनं सांगून टाकलं, की पोरगा एकोणीसचा आहे आणि कागद त्याच्या धाकट्या मावसभावाचे आहेत. खोटं काही सांगितलं नव्हतं तिनं. तो पोरगा आता मोटरसायकलवर भाडी मारतो. काल सगळी गल्ली पालथी घालताना रादामेसनं तेवढं एक घर सोडलं होतं. ते दार वाजवायची त्याची छाती झाली नाही.

"त्या समोरच्या घरात कोण राहतं?" पेगेरोनं विचारलं.

"आहे एक बाई," मिरेलिस म्हणाली. "तिला विचारून उपयोग नाही, साहेब. वय झालंय, काही आठवत नाही."

दोमितिला बेचाळीस वर्षांची होती. पेगेरो तडक तिकडे गेला.

मग मिरेलिसला नुसतं बघत बसावं लागलं. दोमितिला थांबतच नव्हती. मध्येच ती मिरेलिसच्या घराकडे बोट दाखवायची, कपाळावर हात मारायची, पुन्हा सुरू व्हायची. पेगेरो भराभर लिहून घेत होता. संपलं सगळं, मिरेलिसला वाटलं. पाच वर्षांपूर्वी शाळा सोडवून पोराला मैदानात घातलं होतं. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

पेगेरो परत आला तो घाम पुसत. त्याच्या मते वय बरोबर होतं. दाई वेळेवर पोचली नाही म्हणून दोमितिलानंच नाळ कापली होती, आणि त्या पहाटे साखर कारखान्याचं गोदाम जळत होतं. गोदाम कुठल्या वर्षी जळलं त्याची नोंद कारखान्यात असणार, ती तो बघून घेणार होता.

"आणि तुम्ही तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला?"

"बाई, अर्धा तास ती तुम्हाला शिव्या देत होती," पेगेरो म्हणाला. "आज या गल्लीत घोकून न आलेलं तेवढंच ऐकलं."

तो गेला. मिरेलिसला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. फुकट कोण कुणाचं करतं? आता ही बाई काय मागेल? शेवटी न राहवून ती रस्ता ओलांडून दोमितिलाच्या कुंपणाशी गेली.

दोमितिला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय हवंय तुला?" मिरेलिसनं विचारलं.

दोमितिलानं मान वर केली नाही. टोपीवाला काय म्हणाला ते तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. पोर अठराचं आहे एवढंच तिनं बोलायचं, मग तो तिच्या थोरल्याला संघाच्या मैदानावर कायमच्या कामाला लावणार होता.

मिरेलिसनं विचारलं, "मग का नाही बोललीस?"

"मेलीस तरी तुझं तोंड बघायला येणार नाही मी," दोमितिला म्हणाली. तिनं एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "पण तुझ्यावरचा राग माझा आहे. तो मी असल्या लोकांना वापरायला देत नाही."