भैयाजींची फिर्याद

पोलीस ठाण्याच्या बाकावर लहानूला टेकवल्याबरोबर भैयाजींनी त्याच्या तोंडावर आणखी एक ठोसा मारला. लहानूचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. ओठ आधीच फाटलेला होता. रक्त शर्टाच्या खिशापर्यंत उतरलं.

"इथं नाही," हवालदार मारोतराव म्हणाले. "ते काम तिकडंच उरकून यायचं. बसा आता, फिर्याद सांगा."

मारोतरावांना लहानूची दया आली होती अशातला भाग नाही. त्यांचा चहा गार होत होता.

सीताबर्डीवर एका माडीवर भैयाजींचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. कारखान्यांचे पगार, व्यापाऱ्यांचे हिशेब तिथून निघत. डोकं लहानू परातेचं, पण मशीन सुरू केलं की पडद्यावर नाव झळकायचं भैयाजींचं. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, ही काही नागपुरातली नवलाई नव्हे. लहानूनंही ते चालवून घेतलं. पण परवा तो कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरी मागायला गेला, तर तिथल्या साहेबानं एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः बनवलेलं काय आहे? दाखवा." दाखवायला लहानूपाशी काही नव्हतं. म्हणून आज भरदुपारी तो आपलं काम भरलेली फ्लॉपी खिशात घालून जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर सापडला. ऑफिसातल्या दोघांनी त्याला धरलं, भैयाजींनी मोडक्या खुर्चीचा पाय उचलून हाणला. त्याच्या डाव्या हाताची बोटं मोडली तो आवाज खालच्या पानठेल्यावर ऐकू गेला म्हणतात.

"चोरलं काय?" मारोतरावांनी विचारलं.

भैयाजींनी फ्लॉपी टेबलावर टाकली. मारोतरावांनी ती काळी चकती उलटीपालटी करून पाहिली.

"एवढुशासाठी? याची काय केस करू मी? दोन चापटा मारून सोडून देतो याले."

भैयाजींचा राग नाकावरच होता. "चकतीचं काय घेऊन बसले, मारोतराव? तिच्यात प्रोग्राम आहे, पगाराचा. साऱ्या नागपुरात कोणापाशी नाही. यानं एकट्यानं बनवला तो. दुसऱ्या कोणाच्या बापाले जमणार नाही. लाखाचा माल आहे, लिहा."

मारोतरावांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "सदर प्रोग्राम आरोपी लहानू पराते याने एकट्याने, स्वतःच्या बुद्धीने तयार केलेला असून..."

बाकावर कलंडलेला लहानू सरळ बसला. "साहेब, तेवढं आणखी एकडाव वाचा."

मारोतरावांनी वाचलं. आपण काय कबूल करून बसलो ते आता भैयाजींच्या ध्यानात आलं. "ते काढून टाका," ते म्हणाले.

"काढलं तं उरली चकती. चकतीची केस होत नाही म्हणून सांगितलं ना. सही करा, नाही तं फिर्याद मागं घ्या. याले सोडतो, मी पण मोकळा, तुम्ही पण मोकळे."

भैयाजींनी पेन हातात घेतलं, लहानूकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "जाऊ द्या," ते म्हणाले. "सोडा भिकारड्याले."

लहानू उठला. मोडका हात पोटाशी धरून तो भैयाजींसमोर जाऊन उभा राहिला आणि तोंडात साचलेलं सगळं रक्त त्यांच्या तोंडावर थुंकला.

भैयाजींनी त्याला लाथेनं खाली पाडलं. पडल्यावर बरगडीत घातली, मग तोंडावर, मग त्याच मोडक्या हातावर बूट दिला. लहानू ओरडला तेव्हा चहावाला दारातूनच परत फिरला. मारोतरावांनी भैयाजींना कसंबसं मागं ओढलं. धापा टाकत भैयाजींनी टेबलावरचं पेन घेतलं आणि कागद फाटेल इतकं दाबून सही केली. "सडवा याले," म्हणाले आणि तोंड पुसत निघून गेले.

मारोतरावांनी लहानूला काखेत हात घालून बसतं केलं.

"सुटून राहिला होता ना बे तू. काहून थुंकला?"

"सही पाहिजे होती, साहेब," लहानू म्हणाला. "दाखवायले."