आरशावरची धूळ

“मावशी, तुम्ही आरसा नीट धुतलेला नाही!” सर कडाडले. स्फोट होऊन भडकलेले तारे वेधशाळेच्या दुर्बिणीत अपेक्षेपेक्षा फिके दिसत होते आणि खापर मावशींवर फुटलं. दुर्बिणीचा तो आरसा तीस वर्षं त्याच धूत होत्या. त्या शिडी चढल्या, आम्हा विद्यार्थ्यांदेखत काळं फडकं आरशावरून फिरवलं आणि खाली येऊन सरांच्या नाकासमोर धरलं. डागही नव्हता. “दिवा लांब नेला की फिका दिसतो. तारेच लांब गेलेत,” मावशी म्हणाल्या. “इतके लांब? म्हणजे विश्वाचं पसरणं वेग घेतंय? कोण ढकलतंय?” सर पुटपुटले. “ते तुम्ही शोधा. माझ्या कामात खोट नाही.” सरांनी फळ्याकडे पाहिलं. विश्वाचं पसरणं मंदावतंय, हे सांगणारी त्यांची वीस वर्षांची गणितं तिथे होती. त्यांनी मावशींच्या हातातलं फडकं घेतलं आणि फळा पुसला. तेव्हा कुठे फडकं मळलं.