चंदनाचं खोड

"आई, हे छोटं घ्या. तुम्हाला पुरेल," पूजेच्या सामानाच्या दुकानात सुनेनं चंदनाचं बोटभर खोड माझ्यापुढे धरलं.

माझ्या एकोणसाठाव्या वर्षी ह्यांनी वीतभर खोड आणून दिलं होतं. "आता जन्मात दुसरं घ्यायला नको," म्हणाले होते, आणि मलाही ते पटलं होतं. रोज पहाटे देवापुरतं गंध उगाळत गेले. एकादशी सोडली नाही, सोमवार सोडला नाही. बावीस वर्षांत ते इतकं झिजलं की चिमटीत धरता येईना. मी मात्र अजून आहे.

"ते वरचं जाडजूड काढा," मी दुकानदाराला म्हटलं.

"आजी, हे पंचवीस वर्षं तरी संपायचं नाही हं," तो हसला.

"अहो आई, मनगट दुखतं ना तुमचं? तयार पावडर मिळते," सून कुजबुजली. "आणि एवढं मोठं घेतलं नि उरलं तर?"

तिला मी कधी उलट बोललेली नाही. आज मात्र राहवलं नाही.

"उरलं तर तू उगाळ. पण घाई करू नकोस, मला अजून पुष्कळ उगाळायचंय."